त्या नमस्काराची खरी गोष्ट

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून चार जणांनी या माईकवरून माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगितली. मी विमान घेऊन गावावर आलो, शाळेला एक फेरी मारली, आणि विमानाने वाकून शाळेला नमस्कार केला. दर वेळी तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून बसलो होतो, ते तुम्हाला विनय वाटला असेल. तो विनय नव्हता.

संयोजकांनी मला विषय दिलाय, 'लहान विमान कसं चालवतात', आणि वेळ दिलीय पंचवीस मिनिटं. मी विषयच आधी पुरा करतो. नमस्काराकडे शेवटी येतो. विमान कसं उडतं हे थोडं कळल्याशिवाय तो नमस्कार काय होता हे कळणार नाही.

मी ज्या विमानावर शिकलो ते सेसना १५२. दोन माणसांचं. रिकामं विमान पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षा हलकं. इंजिन ११० अश्वशक्तीचं. पन्नासचे दोन ट्रॅक्टर एकत्र जुंपले तर जेवढी ताकद होईल तेवढीच. वेग साधारण शंभर नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर. दोन मोठी माणसं शेजारी बसली की खांद्याला खांदा लागतो. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये जसं बसायचो, तसंच.

लोकांना वाटतं विमान इंजिनावर उडतं. विमान पंखावर उडतं. इंजिन बंद पडलं तरी सेसना दगडासारखं खाली येत नाही. नाक थोडं खाली ठेवून ६० नॉटचा वेग सांभाळला तर हजार फूट उंचीवरून ते पावणेतीन किलोमीटर घरंगळत जातं. पंखाला हवं असतं एकच. त्याच्यावरून हवा नीट वाहत राहिली पाहिजे. पंख समोरून येणाऱ्या हवेला थोडा तिरका धरला की उचल मिळते. जास्त तिरका धरला की जास्त उचल. पण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेलात की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि उचल एकदम ढासळते. याला आम्ही स्टॉल म्हणतो. मोटरगाडी स्टॉल होते तेव्हा इंजिन बंद पडतं. विमान स्टॉल होतं तेव्हा इंजिन जोरात चालू असू शकतं, पंखच काम सोडतो. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चालवायचं कसं? हातात एक हँडल असतं, त्याला योक म्हणतात. ओढलं की नाक वर, ढकललं की नाक खाली, फिरवलं की पंख कलतो. पायाशी दोन पेडल असतात, ती शेपटीचं रडर हलवतात. उजव्या हाताशी थ्रॉटल. झालं, एवढंच. आपल्या वर्गातला कोणीही अर्ध्या तासात हे शिकेल. उरलेले दोनशे तास कशासाठी लागतात, ते सांगतो. व्यावसायिक लायसनसाठी आपल्या देशात दोनशे तासांचं उड्डाण लागतं. खासगी लायसनला चाळीस.

पहिली गोष्ट म्हणजे बाहेर बघणं. नवीन पोरगं आलं की ते घड्याळांकडे बघत बसतं. समोर सहा घड्याळं असतात, त्यांचे काटे हलत असतात, आणि ते काट्यांच्या मागे धावतं. मी कागद चिकटवून सगळी घड्याळं झाकतो आणि म्हणतो, आता क्षितिज बघ. नाकाची टोपी क्षितिजाच्या किती खाली आहे बघ. ती जागा तशीच राहिली तर वेगही तसाच राहतो. इंजिनाचा आवाज ऐक. सायकल शिकताना आपण चाकाकडे बघत होतो तोवर पडत होतो. रस्त्याकडे बघायला लागलो तेव्हा जमलं. तसंच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाय. नुसता पंख कलवला तर विमान शेतातल्या गाडीसारखं तिरपं घसरतं. कलतानाच रडरचा पाय तेवढाच दाबावा लागतो. समोर काचेच्या नळीत एक छोटी गोळी असते, गवंड्याच्या लेव्हलमध्ये बुडबुडा असतो तशी. गोळी मधोमध असली तर वळण चोख. गोळी एका बाजूला पळाली आणि त्याच वेळी वेग कमी असला, तर धोका.

तिसरी गोष्ट म्हणजे उतरणं. उतरताना धावपट्टीवरची एक जागा धरायची. ती जागा काचेत वर सरकायला लागली तर आपण तिच्या अलीकडेच टेकणार. खाली सरकली तर तिच्या पुढे जाणार. जागच्या जागी राहून नुसती मोठी होत गेली तर बरोबर तिथेच पोचणार. जमिनीजवळ आलं की थ्रॉटल बंद करायचा, नाक हळूहळू वर धरायचं, आणि विमानाला जमिनीपासून हातभर वर तरंगत ठेवायचं. उतरायची घाई करायची नाही. त्याचं उडणं संपलं की ते आपोआप टेकतं.

आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं, ज्याला आम्ही गो-अराउंड म्हणतो. उतरणं मनासारखं जमत नसेल, वेग जास्त झाला, वारा आडवा लागला, पट्टीवर कुत्रं आलं, तर हट्ट करायचा नाही. पूर्ण थ्रॉटल, नाक सावरायचं, वर जायचं, आणि पुन्हा फेरी मारून यायचं. याला लाज वाटते. खाली मित्र बघत असतात. पण माझ्या हाताखालच्या मुलाने स्वतःहून पहिलं गो-अराउंड केलं की त्या दिवशीचा चहा माझ्याकडून असतो.

आता आपल्या मुलखाबद्दल बोलतो. धाराशिव बालाघाटाच्या माथ्यावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण २१०० फूट. आपल्याला ती उंची जाणवत नाही, विमानाला जाणवते. उन्हाळ्यात पारा चाळीसवर गेला की हवा पातळ होते. हिशेब केला तर मे महिन्यातल्या दुपारी आपल्या धाराशिवची हवा विमानाला ५६०० फुटांवर असल्यासारखी लागते, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा वर. त्या हवेत इंजिन दमतं, पंख दमतो, आणि थंडीत जेवढ्या पट्टीत विमान उचलतं त्याच्या कितीतरी पुढे गेल्यावर चाकं सुटतात. म्हणून आम्ही मे महिन्यात पहाटे उडतो. आपले बाप-आजे औत पहाटे धरायचे, तसंच.

इंजिन बंद पडलं तर उतरायचं कुठे, हा प्रश्न मला सगळे विचारतात. उत्तर तुमच्या शेतात आहे. वरून उसाचं रान गादीसारखं मऊ दिसतं, पण त्यात उतरू नये. उभ्या ज्वारीतही नको. हरभरा काढून मोकळं झालेलं रान चांगलं. नांगरलं असेल तर तासाच्या दिशेनेच टेकायचं. आडवं टेकलं तर ढेकळात पुढचं चाक रुतून विमान उलटतं. पावसाळ्यात काळ्या रानाचा भरवसा नाही, त्यापेक्षा माळ बरा. बांध आणि विहिरी वरून उशिरा दिसतात. विजेच्या तारा दिसतच नाहीत, खांब दिसतात, म्हणून तारांवरून जायची वेळ आली तर खांबाच्या माथ्यावरून जायचं. आणि वारा कुठला ते उकिरड्याच्या धुरावरून, तळ्यातल्या लाटांवरून, देवळाच्या निशाणावरून बघायचं. यातलं निम्मं मला विमान शिकवणाऱ्याने सांगितलं नव्हतं. ते आपल्या गावातलंच आहे.

आता वळण. सर, माझं काही चुकलं तर थांबवा.

नववीत सरांनी दोरीला तांब्या बांधून त्यात पाणी घातलं आणि वर्गाबाहेर गरागरा फिरवला, आठवतंय? पाणी सांडलं नाही. मग सर म्हणाले, आता दोरी धर. दोरीला ओढ होती. तांब्या तेवढाच, पाणी तेवढंच, पण हाताला तो जड झाला होता. जितकं जोरात आणि आखूड फिरवू तितका जड.

विमान वळताना त्या तांब्यासारखं जड होतं. ३० अंश कललं तर फार नाही, पंधरा टक्के. ४५ अंशांत एकचा सव्वापटीपेक्षा जास्त होतो, नेमकं सांगायचं तर १.४१ पट. ६० अंश कलून उंची न सोडता वळलं तर दुप्पट. मी साठ किलोचा असलो तर खुर्चीला एकशे वीस किलोचा लागतो, आणि पंखालाही दुप्पट वजन उचलावं लागतं. ते उचलायला वैमानिक योक ओढतो, म्हणजे पंख हवेला आणखी तिरका धरतो. सरळ जाताना माझं सेसना ४८ नॉटच्या आसपास स्टॉल होतं. ४५ अंशांच्या वळणात ते ५७ वर होतं. ६० अंशांच्या वळणात ६८ वर. विमान तेच, इंजिन तेच, वैमानिक तोच. फक्त वळणात कमी वेग चालत नाही.

आता वारा. समजा मी खाली, झाडांच्या जरा वर, एका जागेभोवती गोल फिरतोय. वारा पाठीमागून लागला की जमीन भराभर मागे पळते. डोळ्यांना वाटतं, बाप रे, फार वेगात आहोत. हात आपोआप थ्रॉटल मागे घेतो. खरं तर जमिनीवरून वेग जास्त असतो, हवेतून नाही, आणि पंखाला जमिनीशी काही देणं-घेणं नसतं. मग वाऱ्याने विमान बाहेर ढकललं जातं, ज्या जागेभोवती फिरायचं ती जागा सुटायला लागते, म्हणून माणूस पंख आणखी कलवतो, आणखी ओढतो. शेजारी कोणी नसतं. डोळे खाली असतात. काटा कोणी बघत नाही. जगभरात लहान विमानांचे कितीतरी अपघात असे झालेत, स्वतःच्या घरावर, मित्राच्या शेतावर, लग्नाच्या मांडवावर फेरी मारताना. म्हणून नियम आहे. वस्तीवरून जाताना सहाशे मीटरच्या आतल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा हजार फूट वर, आणि मोकळ्या रानावरसुद्धा पाचशे फुटांच्या खाली नाही.

आता तो शनिवार.

जानेवारी २००१. माझे एकशे तीस-चाळीस तास झाले होते. मला एकट्याने सोलापूर, तिथून लातूर आणि परत, असं लांब उड्डाण दिलं होतं. सोलापूर-लातूर ही रेघ नकाशावर आखली की तुळजापूरच्या जरा पूर्वेकडून जाते. सगळं मिळून साधारण पस्तीस मिनिटं. आपलं गाव त्या रेघेपासून सात-आठ किलोमीटर डावीकडे. नकाशा आखतानाच माझ्या मनात आलं होतं. आदल्या दिवशी मी एसटीडी बूथवरून किराणा दुकानाच्या फोनवर निरोप ठेवला, 'उद्या साडेदहाच्या सुमारास शाळेच्या मैदानात थांबा.' माझ्या शिकवणाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला रेघेवरून जायला सांगितलं होतं. दोष सगळा माझा आहे.

शनिवार म्हणून सकाळची शाळा होती. ज्वारी हुरड्यात आली होती. सोलापूर सोडलं, उजवीकडे लांब नळदुर्गच्या बाजूला बोरीचं पाणी चमकताना दिसलं, तुळजापूरचा डोंगर आला, आणि मी डावीकडे वळलो. गाव ओळखायला वेळ लागला नाही. तलाव, पिंपळ, शाळेचे पत्रे. मैदानावर ठिपके दिसत होते. ते तुम्ही होता, सर होते, पोरं होती. आणि माझे वडील होते. दोन एकर रान विकून त्यांनी मला शिकायला पाठवलं होतं. त्या दोन एकरांचं काय झालं ते बघायला ते पटका बांधून आले होते.

मी खाली आलो. हजार फूट नाही, पाचशे नाही. चारशेच्या आसपास. झेंड्याच्या खांबाभोवती डावं वळण घेतलं. माझी बाजू खाली होती, तुम्ही सगळे दिसत होता. कोणीतरी टॉवेल फिरवत होतं. मी वडिलांना शोधत होतो. पूर्वेचा वारा होता, तो पाठीशी आला, जमीन पळायला लागली, मी थ्रॉटल कमी केला. मैदान मागे सुटायला लागलं, मी पंख आणखी कलवला. ५०-५५ अंश असेल. वेग ६५ नॉटच्या आसपास असावा. मी बघितला नव्हता.

सेसनाच्या डाव्या पंखाला एक छोटं भोक असतं आणि आत एक पत्ती. स्टॉल व्हायच्या थोडं आधी त्यातून हवा ओढली जाते आणि ती वाजते. यात्रेतल्या पिपाणीसारखा आवाज. तो आवाज सुरू झाला. मला पहिला क्षणभर वाटलं खाली कोणीतरी पिपाणी वाजवतंय. मग योक हातात थरथरला. पंखावरची हवा सुटताना जी थरथर येते ती. आणि जमीन काचेत भरून समोर आली.

तुम्हाला सांगतो, त्या वेळी अंगातली प्रत्येक शीर म्हणते, ओढ. जमीन पुढे दिसतेय, नाक वर ओढ. ओढलं असतं तर डावा पंख आधी पडला असता आणि विमान गिरक्या घेत खाली गेलं असतं. त्याला स्पिन म्हणतात. या विमानाला एक गिरकी घेऊन सावरायला साधारण हजार फूट लागतात. माझ्याकडे चारशे होते. आणि खाली मैदानावर पाचवी ते दहावीची शाळा उभी होती.

मी ओढलं नाही. मी शूर होतो म्हणून नाही. माझ्या शिकवणाऱ्यांनी हीच गोष्ट माझ्याकडून उंचावर पन्नास वेळा करून घेतली होती, पन्नास वेळा शिव्या देऊन. पिपाणी वाजली की हात पुढे. हात आपोआप पुढे गेला. नाक खाली गेलं, जमिनीकडेच. थ्रॉटल पूर्ण आत. पंख सरळ. पिपाणी थांबली. मग हळूच ओढलं आणि विमान वर आलं. सावरलं तेव्हा उंची अडीचशे फुटांच्या आसपास होती.

तुम्ही खालून काय पाहिलंत? विमान आलं, एक फेरी घेतली, शाळेसमोर नाक वाकवलं, इंजिन गरजलं आणि विमान वर निघून गेलं. तुम्ही म्हणालात, नमस्कार केला.

तो नमस्कार नव्हता. मी आणि विमान पडता पडता राहिलो होतो, आणि कदाचित तुमच्यावरच पडलो असतो.

लातूरला उतरलो तेव्हा माझे पाय इतके कापत होते की रडरची पेडल वाजत होती. विमान बांधलं, चाकाला टेकून बसलो. परत जाऊन लॉगबुकात लिहिलं, 'सोलापूर-लातूर, सर्व ठीक.' कोणाला काही सांगितलं नाही. वडिलांचा फोन आला. म्हणाले, "लई भारी नमस्कार केलास लेका. हेडमास्तरच्या डोळ्यात पाणी आलं." मी म्हणालो, हां. ते गेले तोपर्यंत, येईल त्या पाहुण्याला हीच गोष्ट सांगत होते. दोन एकरांचं काय झालं, याचं उत्तर त्यांना त्या नमस्कारात मिळालं होतं. मी ते त्यांच्याकडून काढून घेऊ शकलो नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही.

आठ दिवसांनी मात्र मला एक पोस्टकार्ड आलं. विज्ञानाच्या सरांचं. दोन वाक्यं होती. 'नमस्कार पोहोचला. पुन्हा करू नकोस.'

सर, तुम्ही इथे पहिल्या रांगेत बसला आहात. इतकी वर्षं आपण यावर बोललो नाही. एवढ्या गर्दीत तुम्ही एकटेच होता ज्यांनी नाकाकडे नाही, तर कललेल्या पंखाकडे आणि आधी उतरलेल्या इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष दिलं. तांब्याची दोरी कधी तुटते ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला चार लोकांत बोल लावला नाही, वडिलांना सांगितलं नाही, आणि सोडलंही नाही. ते कार्ड माझ्या लॉगबुकात त्याच पानावर आहे. दर नव्या विद्यार्थ्याला मी ते पान दाखवतो. 'सर्व ठीक' हे माझ्या हातचं खोटं, आणि त्याच्या शेजारी सरांची दोन वाक्यं.

जे. आर. डी. टाटांना १९२९ साली लायसन मिळालं, ते आपल्या देशात दिलेलं पहिलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, पुस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून. तेच उड्डाण त्यांनी १९८२ ला पुन्हा केलं, तेव्हा वय होतं ७८. मी मुलांना सांगतो, या गोष्टीतला ७८ हा आकडा बघा. पन्नास वर्षं उडत राहायचं तर काय काय करायचं नाही, हे पन्नास वर्षं रोज ठरवावं लागतं.

आता हे सगळं आजच का सांगितलं.

आपल्या वर्गातल्या एकाची मुलगी सध्या वैमानिक व्हायचं शिकतेय. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. आपल्या गावातली मुलगी विमान चालवणार, याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सगळ्या स्त्रियाच असलेला पहिला चमू घेऊन फॉकर विमान नेलं, तेव्हा आपण शाळेच्या अगदी खालच्या वर्गात होतो आणि आपल्याला कोणी सांगितलंही नव्हतं. आता सांगणारे आपण आहोत. तर या मुलीचा मागच्या महिन्यात मला फोन आला. म्हणाली, "काका, माझी सोलो क्रॉस-कंट्री सुरू होणार आहे. मेळाव्याच्या दिवशी मी पण शाळेवरून येऊ का? तुम्ही केला तसा नमस्कार करते. बाबांना सरप्राइज."

त्या रात्री मी झोपलो नाही. तिला नियम सांगून 'नको' म्हणता आलं असतं. पण ती लहानपणापासून ती गोष्ट ऐकत वाढलीय. तुम्हीच तिला सांगितलीय, मांडीवर बसवून. तिच्या मनात ती एक सुंदर गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीत विमान पडत नाही. माझी लाज झाकून ठेवायची म्हणून मी ती गोष्ट तशीच राहू दिली. तेवीस वर्षं तिचं खतपाणी मीच केलं. तिला दुसऱ्या दिवशी सगळं खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, हे सगळ्यांना सांगाल का? नाहीतर मी आले नाही तर बाबा म्हणतील, घाबरली."

म्हणून सांगितलं. मित्रा, तुझी पोरगी घाबरली नाही. तिने हवेत न जाताच पहिलं गो-अराउंड केलंय. चहा माझ्याकडून.

तुम्हाला सगळ्यांना एकच विनंती. उद्यापासून ही गोष्ट सांगा, जरूर सांगा. पण नमस्कार म्हणून नका सांगू. पिपाणी वाजली आणि हात पुढे गेला, अशी सांगा. आणि पोरांनी विचारलं, की काका मग गावाला कसे यायचे, तर सांगा, एसटीने. आजही तसाच आलोय. सोलापूरहून सकाळची पहिली गाडी, उभ्याने तुळजापूरपर्यंत, पुढे खिडकी मिळाली.

सर, त्या दिवशीचा नमस्कार चुकीचा होता. आज जवळ येऊन, वाकून, पाय जमिनीवर ठेवून करतो. तेवढा स्वीकारा.